होआपिलीची वाट चालण्याआधी

“मुलगी कॅलिफोर्नियात असते. डिसेंबरात सगळे मिळून हवाईला जातोय. माउई बेटावर लाव्हातून जाणारी जुनी वाट आहे म्हणतात, ती आम्हा दोघांना जमेल का?” थोड्याफार फरकाने हाच प्रश्न वाचकांकडून दर सुट्टीच्या आधी येतो. तरुण वाचक वेगळ्या सुरात विचारतात: “हरिश्चंद्रगड, रतनगड करून झालेत. समुद्राकाठच्या सपाट वाटेसाठी एवढी तयारी कशाला?” काहींनी कुठेतरी वाचलेलं असतं की ती जागा बंद आहे. आणि वाहता लाव्हा दिसेल का, हे बहुतेकांना हवं असतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, दिसणार नाही. हवाई हे राज्याचं नाव आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटाचंही नाव, त्यातून हा घोळ होतो. धगधगता किलाउएआ ज्वालामुखी त्या मोठ्या बेटावर आहे. माउईहून तिथे जायला विमान लागतं, फेरीबोट नाही. माउईच्या दक्षिण टोकाला तुम्हाला दिसेल तो कित्येक शतकांपूर्वी थंड झालेला लाव्हा.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने घेऊ.

तीन नावं, तीन जागा

काहुलुई विमानतळावरून वाइलेआ, मग मकेना, आणि पुढे अरुंद होत जाणारा रस्ता धरलात की पाऊण-एक तासात रस्ता संपतो. या टप्प्यात तीन नावं कानावर येतात आणि ती एकमेकांत मिसळली की माणूस चुकीच्या ठिकाणी पाय ठेवतो.

- आहिही-किनाउ हे राखीव निसर्गक्षेत्र. 1973 साली जाहीर झालेलं, हवाई राज्यातलं या प्रकारचं पहिलं. रस्ता याच्या मधून जातो. यातला बराच भाग 2008 पासून लोकांसाठी बंद आहे. ‘बंद आहे’ असं तुम्ही वाचलंत ते या भागाबद्दल.
- ला पेरूज उपसागर म्हणजे रस्ता संपतो तिथलं खाडीसारखं आत आलेलं पाणी. स्थानिक नाव केओनेओइओ. ओइओ नावाच्या माशाची वाळू, असा त्याचा अर्थ. फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूज 1786 च्या मे महिन्यात इथे उतरला. माउईच्या भूमीवर पाय ठेवणारा तो पहिला युरोपीय मानतात. त्याच्या नावाचा दगडी स्मृतिस्तंभ गाडीतळाजवळच आहे. शक्य तेव्हा केओनेओइओ म्हणा. इथल्या जुन्या घरांतल्या माणसांना ते आवडतं.
- होआपिलीची वाट उपसागराच्या पलीकडून सुरू होते आणि ती चालण्यासाठी खुली आहे. नकाशात ‘किंग्स हायवे’ किंवा ‘किंग्स ट्रेल’ दिसलं तरी वाट हीच.

जुन्या पुस्तकांत आणि काही संकेतस्थळांवर ‘अक्वेरियम’ आणि ‘फिशबोल’ नावाच्या सुंदर डोहांची वर्णनं अजून सापडतात. ते दोन्ही बंद भागात येतात. कुणी आडवाट सांगितली तरी जाऊ नका. तिथल्या खाऱ्या-गोड्या पाण्याच्या डबक्यांत ओपाएउला नावाची नखाएवढी लाल कोळंबी राहते. माणसाच्या अंगावरचं मलम पाण्यात उतरणंही तिला सोसत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या भूमी व नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची स्थिती, वेळा आणि शुल्क पाहून घ्या.

सह्याद्रीचा अंदाज इथे लावू नका

ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून सविस्तर सांगतो.

खडक आपल्या ओळखीचा आहे. बेसॉल्टच तो, आपल्या कातळाचा भाऊ. पण आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. तेवढ्या पावसाळ्यांनी तो झिजलाय, त्यावर माती धरलीय, पावलांनी पायऱ्या गुळगुळीत झाल्यात. इथला शेवटचा लाव्हा हालेआकाला पर्वताच्या कुशीतून उतरला तो जुन्या समजुतीप्रमाणे 1790 च्या सुमारास, आणि अलीकडच्या कार्बन-चाचण्यांप्रमाणे 1480 ते 1600 च्या दरम्यान. कोणतंही साल धरा, खडकाच्या हिशेबात हे बाळ कालच जन्मलेलं आहे. त्याची एकही धार बोथट झालेली नाही.

हवाईयन लोकांनी लाव्हाच्या दोन जातींना दिलेली नावं आज जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ वापरतात. पाहोएहोए म्हणजे सायीसारखा सुरकुतलेला, गुळगुळीत. आआ म्हणजे नांगरलेल्या शेतातल्या ढेकळांसारखा, फक्त प्रत्येक ढेकूळ दगडाचं आणि काटेरी. होआपिलीच्या वाटेवर तुम्हाला मुख्यतः आआ भेटतो. त्यावर पाऊल पडलं की फुटक्या कौलांच्या ढिगावर चालल्यासारखा खणखण आवाज होतो आणि दगड पायाखाली फिरतो. माझ्याबरोबरच्या एका मित्राचा तोल गेला, त्याने सवयीने हात टेकला. दोन सेकंदांचं काम. तळव्यावर किसणीने किसल्यासारख्या सात-आठ रेघा उठल्या आणि जखमेत काळी कच राहिली. ती काढायला संध्याकाळ गेली. गडावर तोल गेला की आपण हात टेकतो, गवताला धरतो. इथे ती सवयच दुखापत करते.

दुसरी गोष्ट उन्हाची. केओनेओइओ साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या मालेगावच्या रेषेत. मेच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या मध्यानंतर तिथेही शून्य सावलीचा दिवस येतो. समुद्राचा वारा अंगाला लागतो म्हणून ऊन कळत नाही. पण खाली काळा दगड तापलेला, वर सूर्य, आणि वाटेचा मोठा भाग असा की टेकायला झाड नाही. मालेगावात मे महिन्यात दुपारी बाराला डांबरी रस्त्यावर दोन तास चालायला तुम्ही निघाल का, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि त्यावरून वेळ ठरवा.

तिसरी, काट्यांची. उपसागराच्या कडेला सावली देणारी जी झाडं दिसतील ती कीआवे. आपल्या माळावरच्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. सावलीत बसायला जाल तर आधी जमीन पाहा. काटा रबरी चपलेतून आरपार येतो.

कुठपर्यंत जायचं ते गाडीतच ठरवा

वाटेवर उभं राहून ठरवलं तर ‘अजून थोडं’ होतं. अंतरं ढोबळ आहेत, पण निर्णयाला पुरेत.

1. फक्त उपसागराचा काठ. गाडीतळापासून काठाकाठाने सुमारे सव्वा किलोमीटर. वाळू, खडी, कीआवेची सावली आणि मधूनमधून जुन्या घरांचे दगडी चौथरे. गुडघे दुखत नसतील तर साठी-सत्तरीतल्या आई-बाबांना एवढं जमतं, मात्र बूट घालून आणि हातात काठी घेऊन. लहान मुलांबरोबरही इथेच थांबा.
2. हानामानिओआ भूशिरावरचा दीप. काठ संपतो तिथे फाटा फुटतो. समुद्राकडची बाजू दीपाकडे जाते. जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर. इमारत पाहायला जाऊ नका, छोटासा खांब आहे. वारा आणि फुटणाऱ्या लाटा बघायला जा.
3. कनाइओचा किनारा. फाट्यावरून जमिनीकडची वाट, हीच खरी होआपिलीची. जाऊन-येऊन साडेआठ-नऊ किलोमीटर आणि वेळ चार तासांच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण आआवर वेग निम्मा होतो हे धरून चाला. चालण्याची सवय असलेल्यांनीच जावं.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पहिला पर्याय पूर्ण करून, तिसऱ्या वाटेवर फक्त अर्धा तास जाऊन परतावं. वाटेचं जे वैशिष्ट्य आहे ते त्या अर्ध्या तासात पूर्ण दिसतं.

बरोबर काय हवं

- जाड, कडक तळव्याचे, घोटा झाकणारे बूट. जुने असतील तर तळवा चिकटलेला आहे ना, हे घरीच वाकवून पाहा. उष्णतेने आणि धारेने तळवे सुटतात.
- माणशी तीन लिटर पाणी. संपूर्ण वाटेवर नळ नाही, दुकान नाही, झरा नाही.
- हातमोजे. बागकामाचे स्वस्त कापडी चालतील. वर सांगितलेली जखम त्यांनी टळली असती.
- पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कान झाकणारी टोपी.
- मलमपट्टी, छोटा चिमटा, मीठ-साखरेची पुडी.
- उन्हाचं मलम घेताना बाटलीवरचे घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांच्या विक्रीला हवाई राज्यात 2021 पासून बंदी आहे, कारण ती प्रवाळाला मारतात. माउई जिल्ह्याने 2022 च्या ऑक्टोबरपासून आणखी पुढे जाऊन खनिज सोडून इतर सर्व मलमांची विक्री आणि वापर दोन्ही बंद केले. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाली ट्यूबच घ्या. भारतातून नेलेली बाटली बहुधा चालणार नाही.

सकाळी सातला वाट धरा, अकराच्या आत परत या. गाडीतळ लहान आहे आणि लवकर भरतो. जागा नसेल तर लाव्हावर किंवा रस्त्याच्या कडेला गाडी चढवू नका. दुपारी वारा जोर धरतो. उलट, संध्याकाळी उशिरा गेलात तर डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो आणि या अक्षांशावर संधिप्रकाश फार टिकत नाही. आआवर विजेरीच्या उजेडात चालणं म्हणजे घोटा मुरगळून घेणं.

गाडीत पासपोर्ट, लॅपटॉप, पर्स काहीही ठेवू नका, डिकीतही नाही. अशा एकाकी गाडीतळांवर काचा फुटतात.

वाट ओळखायची कशी

इथे थोडा इतिहास लागतो, कारण त्यावरच तुमचं पाऊल ठरतं.

माउईच्या भोवती फिरणारी लांब वाट, आलालोआ, सोळाव्या शतकात पिइलानी राजाच्या काळात सुरू झाली आणि त्याच्या मुलाने, किहा-आ-पिइलानीने ती पुरी केली. संपूर्ण बेटाला वळसा घालणारी अशी वाट हवाईच्या बेटांत माउईवरच होती. लोक एकामागोमाग एक, पायी चालत. आआवर त्यांनी समुद्राने घोळून गोल केलेले दगड एका पावलाच्या अंतरावर मांडले. काही वाटांवर पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे ठेवले की ते रात्री चांदण्यात दिसत.

1803 मध्ये हवाईत पहिला घोडा उतरला आणि वाटेचं रूप पालटलं. घोड्याला रुंद, सरळ आणि कडेला बांध असलेला रस्ता हवा. माउईचा राज्यपाल होआपिली याने 1824 ते 1840 च्या दरम्यान जुन्या वाटेवर हा रस्ता घडवून घेतला. राजा कामेहामेहा पहिला 1819 मध्ये वारला तेव्हा त्याच्या अस्थी गुप्त जागी ठेवण्याचं काम ज्याच्यावर विश्वासाने सोपवलं, तोच हा होआपिली.

म्हणून चालताना दोन्ही बाजूंच्या कडेच्या दगडांची रांग शोधा. ती सरळ जाते, वळणं घेत नाही. खळगा आला तिथे दगड रचून भर घातलेली दिसेल. चुन्याचा थेंब नाही, तरी पावणेदोनशे-दोनशे वर्षं ती रचना उभी आहे. थांबून एखादा भरावाचा दगड नीट बघा: सपाट तोंड वर, टोकदार बाजू खाली, फटीत लहान कपच्या ठोकलेल्या. आपल्याकडच्या गडांवर दगड कसे बसवले आहेत ते ज्याने निरखलंय, त्याला हे हात ओळखू येतील.

रांग दिसेनाशी झाली तर तुम्ही वाट सोडलीत. शॉर्टकट काढू नका, शेवटची रांग दिसली होती तिथवर मागे जा. बकऱ्यांनी पाडलेल्या पायवाटा फसवतात. कडेचे दगड हलवू नका, त्यांवर बसू नका, स्वतःचे दगडांचे मनोरे रचू नका. पुढच्याची दिशाभूल होते आणि मनोऱ्यासाठी उचललेला दगड बहुतेक वेळा कुणाच्या तरी घराच्या जोत्यातला असतो.

समुद्र आणि त्यातले जीव

खडकावर उभं राहण्याआधी तो ओला की कोरडा ते पाहा. ओला असेल तर लाट तिथवर येते, आत्ता येत नसली तरी. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. कोकणच्या किनाऱ्यावर लाट माणसाला वाळूवर लोळवते. इथे ती आआवर आपटते. नवख्यांनी इथे पोहायला उतरूच नये, असं माझं स्पष्ट सांगणं आहे.

सकाळी उपसागरात स्पिनर डॉल्फिन विसाव्याला येतात. रात्रभर शिकार करून त्यांची ती झोपेची वेळ असते. 2021 पासून त्यांच्या 50 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 45 मीटरच्या आत पोहत वा होडीने जाणं संघराज्याच्या नियमाने गुन्हा आहे. हिवाळ्यात कुबडे देवमासे येतात, त्यांच्यापासून 100 यार्ड. समुद्री कासवापासून किमान तीन मीटर आणि वाळूवर पहुडलेल्या मंक सीलपासून पंधरा मीटर दूर राहा. सील मेलाय असं वाटलं तरी तो बहुधा झोपलेला असतो.

तुमचा हक्क कुठवर

हवाईत समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. लाटांचं पाणी वर जिथपर्यंत पोहोचतं तिथपर्यंत कुणीही चालू शकतं; हॉटेलवाला अडवू शकत नाही. जुन्या वाटांनाही कायद्याचं संरक्षण आहे. राणी लिलिउओकलानीच्या कारकिर्दीत 1892 मध्ये झालेल्या हमरस्ते कायद्यामुळे त्या वेळी अस्तित्वात असलेल्या वाटा सार्वजनिक ठरल्या. पुढच्याच वर्षी तिचं राज्य उलथवलं गेलं, पण तो कायदा आजही या वाटांच्या कामी येतो. तेव्हा वाटेवर चालायला तुम्हाला मार्गदर्शक घेण्याची सक्ती नाही.

हक्क वाटेपुरता आहे, वाटेबाहेरच्या जमिनीचा नाही. हे लक्षात ठेवा:

- ‘कापू’ अशी पाटी दिसली तर आत जाऊ नका. कापू म्हणजे निषिद्ध. ती खाजगी जमीन असेल, देवस्थान असेल किंवा दफनभूमी.
- दगडी चौथरे आणि भिंती ही पूर्वजांची घरं आणि देवळं आहेत. त्यावर चढणं वा दगड काढणं कायद्याने गुन्हा आहे.
- राखीव क्षेत्रात मासेमारी, शंख-प्रवाळ गोळा करणं, मुक्काम, सगळ्याला मनाई.
- दुसऱ्या महायुद्धात या किनाऱ्यावर लष्करी सराव झाले. गंजलेला अनोळखी धातूचा तुकडा दिसला तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवून कळवा.
- स्थानिक कोळ्यांचे, कुटुंबांचे फोटो न विचारता काढू नका. दिशा विचारलीत तर ‘मौका’ आणि ‘मकाई’ हे शब्द ऐकाल: पहिला डोंगराकडे, दुसरा समुद्राकडे.

लाव्हाचा दगड आठवण म्हणून आणावा का, हे हमखास विचारलं जातं. आणू नका. दगड नेला की ज्वालामुखीची देवी पेले कोपते ही गोष्ट अलीकडची असली तरी किनाऱ्यावरचे दगड आणि वाळू नेण्याला राज्याच्या कायद्याची बंदी आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. तळहाताएवढा आआ आपल्या देवघरात ठेवण्याची वस्तू नव्हे.

हे जमणार नसेल तर

गुडघे, रक्तदाब किंवा लहान बाळ, यांपैकी काहीही असेल तर मन खट्टू करू नका. अशाच जुन्या वाटांचे दोन सोपे तुकडे आहेत.

माउईच्याच पूर्वेला हानाजवळ वाइआनापानापा राज्य उद्यान आहे. काळी वाळू, लाव्हाची कमान आणि काठाने जाणारी प्राचीन वाट. गाडीपासून शंभर पावलांत समुद्र. बाहेरच्या पर्यटकांनी आगाऊ आरक्षण करणं 2021 पासून बंधनकारक आहे आणि ते तीस दिवस आधी खुलं होतं. आरक्षणाशिवाय गेलात तर हानाचा वळणावळणाचा लांब रस्ता कापून दारातून परत यावं लागेल.

मोठ्या बेटावर जाणार असाल तर पुउहोनुआ ओ होनाउनाउ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान पाहा. कापू मोडणाऱ्याला देहदंड असे; तो धावत, पोहत या आवाराच्या भिंतीआड पोहोचला तर त्याचा जीव वाचे. ती प्रचंड दगडी भिंत अजून उभी आहे. तिथून ‘1871 ची वाट’ निघते, साधारण सव्वातीन किलोमीटर जाऊन-येऊन, कडेच्या दगडांसकट. आवारात पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह आहे. सत्तरीपुढच्यांना मी हीच सुचवतो.

परत फिरण्याचा नियम

घड्याळ नको, अंतर नको. पाण्याची बाटली बघा. जवळचं पाणी अर्धं झालं की तुम्ही कुठेही असलात तरी वळा. पुढे उतरायला किनारा दिसत असला तरी वळा. बरोबरच्या एकाला जरी चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर सगळ्यांनी वळा, एकट्याला सावलीत बसवून पुढे जाऊ नका.

अडचणीत 911 हा क्रमांक आहे, पण उपसागर मागे पडला की मोबाइलला रेंजचा भरवसा नाही. म्हणून निघण्यापूर्वी हॉटेलात किंवा मुलांना लिहून द्या: कोणत्या वाटेवर चाललो आहोत, कुठपर्यंत जाणार, किती वाजेपर्यंत परत येऊ. शोधायला येणाऱ्यांच्या हातात तुमच्याबद्दल तेवढाच कागद असतो.